मधला कारकून

सरकारी कचेरींत ज्यांनीं कधीं अर्ज दिला आहे, त्यांना बारनिशी ठाऊक असते. साहेबांच्या नांवें लिहिलेला अर्ज थेट साहेबांच्या हातांत पडत नाहीं. दाराजवळ एक मेज असतें, त्यावर एक जाडजूड वही असते, आणि तिच्यामागें बसलेला कारकून तुमच्या अर्जावर शिक्का मारतो, क्रमांक घालतो, तिकीट लावलें आहे कीं नाहीं तें पाहतो आणि मग तो अर्ज आंत पाठवितो. उत्तर निघतें तेव्हांहि तें जावक क्रमांक घेऊनच बाहेर पडतें. अर्जांत काय मागितलें आहे, तें द्यावें कीं न द्यावें, ह्याच्याशीं त्या कारकुनाला कांहीं कर्तव्य नसतें. तरीहि तो एक दिवस रजेवर गेला तर सारी कचेरी अडून बसते. आणि तो एक दिवस चुकला तर काय होतें, तें मीं स्वतः पाहिलें आहे. तें पुढें सांगेनच.

आज ज्या विषयावर मला पंधरा मिनिटें बोलावयाचें आहे, तो विषय ह्या कारकुनाचाच आहे. मात्र त्याची कचेरी संगणकांत आहे. इंग्रजींत त्याला मिडलवेअर म्हणतात. आपल्यापैकीं ज्यांचा मुलगा किंवा सून संगणकाच्या नोकरींत असेल, त्यांच्या कानांवरून हा शब्द जेवणाच्या वेळीं गेला असेल, आणि 'असेल कांहीं तरी' म्हणून आपण तो सोडूनहि दिला असेल. तो सोडून देण्यासारखा नाहीं. आपलीं नांवें, आपलीं बिलें, आपल्या आजारांचे अहवाल आतां पुष्कळदां अशाच एखाद्या कारकुनाच्या हाताखालून जात असतात.

प्रथम ही कचेरी कशी चालते तें पाहूं. आपण ब्राउझरमध्यें एखादा पत्ता लिहितों किंवा एखाद्या चौकटीवर बोट ठेवतों, तेव्हां दूर कोठें तरी असलेल्या एका संगणकाकडे विनंती जाते. ही विनंती म्हणजे अक्षरशः एक लहानसें पत्र असतें. कोणतें पान हवें, कोणत्या भाषेंत हवें, मागच्या खेपेला दिलेली ओळखीची खूण कोणती, असला मजकूर त्यांत असतो. तिकडचा कार्यक्रम तें पत्र वाचतो, उत्तर तयार करतो आणि परत पाठवितो. उत्तर तयार करणाऱ्या भागाला पायथनच्या ह्या जगांत 'व्ह्यू' म्हणतात; आपण त्याला मेज म्हणूं. बऱ्यापैकीं मोठ्या संकेतस्थळांत अशीं पन्नास-साठ मेजें सहज असतात. एक मेज यादी देतें, एक पावती देतें, एक पत्ता बदलून घेतें.

आतां समजा, मालकानें सांगितलें कीं, प्रत्येक विनंतीला किती वेळ लागतो तें मोजून ठेवा. साठ मेजांवर साठ घड्याळें ठेवतां येतील. पण एकसष्टावें मेज मांडणारा नवा मनुष्य घड्याळ ठेवावयास विसरेल, हें मी आपल्याला लिहून देतों. घड्याळाच्या बाबतींत विसरणें एक वेळ चालून जाईल. 'आलेला मनुष्य आंत येण्यास अधिकारी आहे काय' हें विचारावयाचें एकाच मेजावर राहून गेलें, तर उरलेल्या साठ मेजांची सावधगिरी फुकट गेली. म्हणून जें काम सर्वच विनंत्यांचें आहे, तें मेजांवरून उचलून दाराशीं आणावयाचें. बारनिशीचा जन्महि असाच झाला असावा.

पायथन ही भाषा ग्विदो व्हान रॉसम ह्या डच गृहस्थानें १९९१ सालीं लोकांपुढें ठेवली. तिच्यांत संकेतस्थळें लिहिण्याचे सांचे पुढें अनेक झाले, आणि जो तो आपापल्या पद्धतीनें सर्व्हरशीं बोलूं लागला. ह्या गोंधळाला आळा घालण्यासाठीं फिलिप एबी ह्यानें २००३ च्या डिसेंबरांत एक करार मांडला. त्याचें नांव डब्ल्यूएसजीआय. करार अगदीं लहान आहे. सर्व्हरनें विनंतीची माहिती एका कोशांत घालून द्यावी, आणि कार्यक्रमानें उत्तराचा मथळा व मजकूर परत करावा, इतकेंच त्याचें सार. परंतु ह्या लहानशा करारांतून एक मोठी सोय निघाली. सर्व्हरच्या दृष्टीनें जो कार्यक्रम आहे आणि कार्यक्रमाच्या दृष्टीनें जो सर्व्हर आहे, असा तिसराच एक इसम मध्यें उभा करतां येऊं लागला. दोन्हीकडे दोन तोंडांनीं बोलणारा हा इसम म्हणजेच मिडलवेअर. आर्मिन रोनाखर ह्यानें २०१० सालीं काढलेल्या फ्लास्क ह्या सांच्यांत तो आजहि ह्याच करारावर बसवितां येतो.

मी उदाहरणाला जँगो हा सांचा घेतों, कारण माझें हात पोळलेले आहेत ते त्याच्यावर. अमेरिकेंतील कॅन्सस प्रांतांत लॉरेन्स नांवाचें गांव आहे. तेथील 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' ह्या वर्तमानपत्राच्या कचेरींत एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन ह्या दोघांनीं २००३ सालीं तो लिहावयास घेतला आणि २००५ च्या जुलईंत तो सर्वांना मोकळा झाला. नांव घेतलें तें जँगो राइनहार्ट ह्या गिटारवादकाचें. दैनिकाच्या कचेरींत सकाळीं सांगितलेलें काम संध्याकाळीं हवें असतें. त्या घाईच्या खुणा ह्या सांच्यावर अजून दिसतात, आणि त्या त्याला शोभतातहि.

मिडलवेअर लिहिणें ह्यांत मंत्रतंत्र कांहीं नाहीं. जँगोंत तें एक फंक्शन असतें, आणि त्याच्या पोटांत दुसरें फंक्शन. बाहेरच्या फंक्शनाला एकच वस्तु मिळते. तिला प्रघातानें 'गेट-रिस्पॉन्स', म्हणजे आंतून उत्तर आणून देणारा, असें म्हणतात. हें बाहेरचें फंक्शन सर्व्हर सुरू होतांना एकदांच चालतें आणि आंतलें फंक्शन तयार करून देतें. आंतलें मात्र दर विनंतीला चालतें. तें घड्याळ पाहून वेळ टिपतें. गेट-रिस्पॉन्सच्या हातीं विनंती देऊन उत्तराची वाट पाहतें. उत्तर आलें कीं पुन्हां घड्याळ पाहतें, फरक काढतें, तो उत्तराच्या मथळ्यांत लिहितें आणि उत्तर परत करतें. सात-आठ ओळींचें काम. घड्याळ मात्र 'टाइम' ह्या भांडारांतलें 'परफ-काउंटर' घ्यावें. भिंतीवरचें साधें घड्याळ मध्येंच कोणीं मागें केलें, तर उत्तर प्रश्नाच्या आधीं आलें असा हिशेब निघावयाचा!

ज्या ओळींत गेट-रिस्पॉन्सला हांक मारली आहे, ती ओळ म्हणजे उंबरठा. तिच्या आधीं लिहिलेलें सर्व विनंती आंत जातांना घडतें. नंतर लिहिलेलें सर्व उत्तर बाहेर येतांना घडतें. २०१६ च्या ऑगस्टांत जँगोची १.१० ही आवृत्ति निघाली. तिच्या आधीं जाण्याचें फंक्शन वेगळें आणि येण्याचें वेगळें लिहावें लागे. घरांत जुनें पुस्तक असेल तर त्यांत तीच रीत सांपडेल, आणि ती जशीच्या तशी आज चालत नाहीं. नव्या रीतींत दोन्ही वाटा एका ठिकाणीं आल्यामुळें उंबरठा डोळ्यांना दिसतो. मला तरी हें फार मोलाचें वाटतें.

आंत एखाद्या मेजावर कांहीं बिघडलें तर आपलें घड्याळ बंद पडेल काय? नाहीं. जँगो तो अपघात वाटेंतच एका उत्तरांत बदलून देतो, आणि 'सांपडलें नाहीं' किंवा 'चूक झाली' असें तें उत्तर नेहमींच्या वाटेनेंच बाहेर येतें. डब्ल्यूएसजीआयच्या उघड्या करारावर काम करणाऱ्याला ही सोय आयती मिळत नाहीं. त्यानें आपली काळजी आपणच घ्यावी.

लिहून झालेला कारकून नेमावा लागतो. 'सेटिंग्ज' नांवाच्या फाइलींत 'मिडलवेअर' म्हणून एक यादी असते. तिच्यांत आपल्या फंक्शनाचा पूर्ण पत्ता एका ओळींत लिहिला कीं नेमणूक झाली. नवा प्रकल्प काढला कीं त्या यादींत सात जण आधींच बसलेले असतात. प्रश्न असा कीं, आठवा कोठें बसवावयाचा? बहुतेक नवशिके त्याला शेवटीं लिहून मोकळे होतात. येथें कचेरीचा दाखला अपुरा पडतो. आपण घटकाभर जुन्या वाड्यांत जाऊं.

पुण्याच्या जुन्या मोठ्या वाड्यांत दिंडींतून शिरलें कीं देवडी लागते, मग पहिला चौक, मग दुसरा, आणि अगदीं आंत माजघर. आंत जातांना पहिला चौक आधीं, दुसरा नंतर. बाहेर येतांना दुसरा आधीं, पहिला नंतर. मिडलवेअरची यादी अशीच आहे. वरून खालीं वाचावी ती विनंतीची वाट, खालून वर वाचावी ती उत्तराची. त्या यादींत 'सेशन' वर असतो आणि 'ऑथेंटिकेशन' त्याच्या खालीं, तें उगीच नव्हे. सेशन हा पाहुण्यानें मागच्या खेपेस नेलेला बिल्ला पाहून त्याचें गांठोडें बाहेर काढतो. ऑथेंटिकेशन त्या गांठोड्यावरून हा कोण तें ओळखतो. दोघांची अदलाबदल केली तर ओळखणारा रिकाम्या हातांनीं उभा राहील. तसें झालें तर जँगो स्पष्ट तक्रार करून थांबतो, हें त्याचें सौजन्य. आपण स्वतः लिहिलेल्या मिडलवेअरची जागा चुकली तर अशी तक्रार करणारें कोणी नसतें.

परतीच्या वाटेवरचा घोटाळा अधिक फसवा असतो. 'जीझिप' नांवाचा एक तयार मिडलवेअर उत्तर दाबून लहान करतो, म्हणजे तें तारेवरून लौकर जावें. आतां आपण प्रत्येक पानाच्या तळाशीं एक ओळ घालणारा कारकून लिहिला आणि तो यादींत जीझिपच्या वर बसविला, तर परतीच्या वाटेवर उत्तर आधीं जीझिपकडे जाईल आणि दाबलेलें गाठोडें आपल्या हातीं येईल. त्यांत ओळ कोठें घालणार? आपला कारकून जीझिपच्या खालींच हवा. तशींच कांहीं उत्तरें अखंड नसतात. मोठी फाइल तुकड्यातुकड्यांनीं वाहत जाते. तिचा सारा मजकूर एकदम मागणारा मिडलवेअर तेथें आडवा पडतो. म्हणून मजकुराला हात लावण्यापूर्वीं हें उत्तर वाहतें आहे काय, हें विचारावें.

कारकुनाला आणखी एक अधिकार आहे. गेट-रिस्पॉन्सला हांक न मारतां तो दारांतूनच उत्तर देऊं शकतो. 'आज दुरुस्तीसाठीं कचेरी बंद आहे' ही पाटी अशीच लागते. त्याच्या आंतल्या चौकांना त्या विनंतीची वार्ताहि लागत नाहीं. उलट त्याला एक गोष्ट ठाऊक नसते: विनंती कोणत्या मेजावर जाणार आहे ही. तें ठरतें सर्व चौक ओलांडल्यानंतर. तें कळल्यावर पण मेज कामाला लागण्यापूर्वीं ज्याला कांहीं करावयाचें असेल, त्याच्यासाठीं 'प्रोसेस-व्ह्यू' नांवाची निराळी खिडकी ठेवलेली आहे.

इतका वेळ सर्व सुरळीत होतें. आतां माझी कथा.

कांहीं वर्षांपूर्वीं एका रक्ततपासणी केंद्राचें संकेतस्थळ मीं लिहिलें. रोग्यानें घरबसल्या आपला अहवाल पाहावा, एवढाच हेतु. प्रत्येक पानाच्या माथ्यावर रोग्याचें नांव यावें असें तेथील डॉक्टरांनीं सांगितलें. हें तर सर्वच पानांचें काम. मीं मोठ्या हौसेनें मिडलवेअर लिहिला. ह्या वेळीं फंक्शनाऐवजीं क्लास घेतला, कारण तो जास्त नीटनेटका दिसतो. क्लासांत एकदांच चालणारा आरंभाचा भाग असतो आणि दर विनंतीला चालणारा 'कॉल' असतो. विनंती आली कीं तिच्यावरून मीं रोग्याचें नांव काढीं आणि तें 'सेल्फ'वर, म्हणजे कारकुनाच्या स्वतःच्या पाटीवर, लिहून ठेवीं. आंतून उत्तर आलें कीं पाटीवरचें नांव वाचून तें पानाच्या माथ्यावर घालीं. मीं स्वतः शंभर वेळां तपासलें. शंभरहि वेळां नांव बरोबर आलें.

एके सोमवारीं सकाळीं डॉक्टरांचा फोन आला. आवाज शांत होता, आणि म्हणूनच मला भीति वाटली. "अहो, एका बाईंनीं आतांच फोन केला. सासऱ्यांचा अहवाल उघडला, तर वर नांव दुसऱ्याच गृहस्थांचें. त्या विचारताहेत, नांव जर दुसऱ्याचें आहे, तर आंतले साखरेचे आंकडे कोणाचे? मी त्यांना काय सांगूं?"

आंकडे सासऱ्यांचेच होते; हें मला दोन तासांनीं कळलें. पण त्या दोन तासांत त्या बाईंना, डॉक्टरांना आणि मला कोणालाच तें ठामपणें सांगतां येत नव्हतें. इन्शुलीन किती द्यावयाचें तें त्या आंकड्यांवर ठरणार होतें.

झालें होतें तें असें. सर्व्हर एका वेळीं एकच विनंती पाहत नाहीं. अनेक थ्रेड, म्हणजे कामाचे अनेक धागे, एकदम चालू असतात. कारकून मात्र सर्व धाग्यांना मिळून एकच असतो, कारण तो सर्व्हर सुरू होतांना एकदांच जन्माला येतो. पहिली विनंती आली. पाटीवर सासऱ्यांचें नांव लिहिलें गेलें. ती आंत गेली. अहवाल जुळवावयास दोन सेकंद लागले. तेवढ्यांत दुसरी विनंती आली, आणि पाटीवर दुसऱ्या गृहस्थांचें नांव आलें. मग पहिलें उत्तर बाहेर आलें. कारकुनानें पाटी वाचली, आणि तेथें जें होतें तें माथ्यावर घातलें. मी शंभर वेळां तपासलें तेव्हां एकटाच तपासत होतों. पाटी पुसणारा दुसरा कोणी नव्हताच.

दुसऱ्या कोणाचें नांव कोणाच्या पानावर गेलें, हें आमच्या नोंदींवरून कळत नव्हतें. त्या दिवशीं ज्यांनीं ज्यांनीं अहवाल उघडला, त्या सर्वांना केंद्रांतल्या दोन मुलींनीं फोन करून अहवालाचा क्रमांक वाचून दाखविला. पुढचे दोन दिवस त्यांना दुसरें काम नव्हतें.

उपाय एका ओळीचा होता, हेंच मनाला लागतें. नांव कारकुनाच्या पाटीवर लिहावयाचें नाहीं. विनंतीच्याच गळ्यांत चिठ्ठी बांधावयाची. विनंती ही वस्तु दर वेळीं नवी असते आणि ज्याची त्याची असते. जँगोचा स्वतःचा ऑथेंटिकेशन हेंच करतो: ओळखलेला मनुष्य तो 'रिक्वेस्ट'च्या 'यूझर' ह्या गुणावर ठेवतो, स्वतःजवळ ठेवीत नाहीं. किंवा नांव फंक्शनाच्या आंतल्या साध्या चलांत ठेवावें. तेंहि दर हांकेला नवें असतें. सेल्फवर ठेवावयाचें तें फक्त आरंभीं मिळालेलें आणि कधीं न बदलणारें. मीं पहिल्यानें फंक्शनच लिहिलें असतें, तर हा मोह बहुधा झालाच नसता. तेव्हांपासून क्लासाचा नीटनेटकेपणा मला पूर्वींइतका आवडत नाहीं.

ज्या दूरच्या कोपऱ्यांत विनंती हातांत मिळतच नाहीं, तेथें नांव हवें असेल तर पुष्कळ जण दर धाग्याची स्वतंत्र पाटी, म्हणजे थ्रेड-लोकल, वापरीत. धागे होते तोंवर तें चाललें. पण आतां एकच धागा एका विनंतीचें उत्तर येईतों दुसरीचें काम करूं लागतो. त्याला असिंक म्हणतात, आणि जँगोनें २०१९ च्या डिसेंबरांत ३.० ह्या आवृत्तींत त्याचें दार उघडलें. एका धाग्यावर दोन विनंत्या आल्या कीं धाग्याची पाटी पुन्हां माझ्याच पाटीसारखी होते. ह्यासाठीं पायथननें २०१८ सालीं ३.७ ह्या आवृत्तींत 'कॉन्टेक्स्ट-व्हार्स' हें भांडार दिलें आहे. आज तेंच वापरावें.

माझी चूक अज्ञानाची होती. पण दाराशीं बसलेला कारकून जाणत्यांच्या हातूनहि फसतो, ह्याचें एक उदाहरण जँगोच्याच इतिहासांत आहे. मोठ्या संकेतस्थळांपुढें बहुधा आणखी एक सर्व्हर द्वारपाळासारखा उभा असतो. त्यामुळें आंतल्या कार्यक्रमाला प्रत्येक विनंती त्या द्वारपाळाकडूनच आल्यासारखी दिसते. पाहुण्याचा खरा पत्ता द्वारपाळ 'एक्स-फॉरवर्डेड-फॉर' ह्या मथळ्यांत लिहितो. तो मथळा वाचून विनंतीचा पत्ता बदलणारा एक मिडलवेअर जँगोंत तयार मिळत असे. अडचण इतकीच कीं, हा मथळा पाहुणा स्वतःहि लिहूं शकतो. पुढें द्वारपाळ नसेल, किंवा असून आलेला मथळा पुसत नसेल, तर वाटेल त्यानें वाटेल तो पत्ता सांगावा आणि कारकुनानें तो खरा मानावा, असें व्हावयाचें. सर्वांना सरसकट चालेल असा विश्वासू कारकून ह्या कामीं करतांच येत नाहीं, हें ओळखून २००९ सालीं १.१ ह्या आवृत्तींत जँगोनें तो काढून टाकला. ज्याला हवा त्यानें आपला द्वारपाळ कोण आहे तें जाणून स्वतः लिहावा. केलेली वस्तु अशी परत घेणें सोपें नसतें.

तपासणी केंद्रांतील तें संकेतस्थळ अजून चालू आहे. दुरुस्ती केल्यावर मीं एक चांचणी लिहिली. तींत अहवालाचें मेज मुद्दाम दोन सेकंद झोपतें, आणि दोन वेगळ्या नांवांचे दोन रोगी एकाच क्षणीं दार ठोठावतात. प्रथम ती जुन्या कोडावर चालविली. दोन्ही पानांवर एकच नांव आलें. मग नव्या कोडावर चालविली, आणि ज्याचें त्याला मिळालें. डॉक्टरांनीं ती शेजारीं उभें राहून पाहिली, आणि दोनांच्या ऐवजीं वीस रोगी घेऊन पुन्हां करावयास सांगितली. आतां कोडांत कांहींहि बदललें कीं वीस रोग्यांची ती चांचणी आधीं चालते. तिला पंचवीसएक सेकंद लागतात, आणि तेवढा वेळ मी पडद्याकडे पाहत बसतों.